गळका स्लॅब ते पांढरी गच्ची: आमचे दहा महिने

१८ जुलै २०२४ ला पहाटे आईच्या खोलीत छताचा परातीएवढा गिलावा खाली आला. आई नेमकी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली होती. उशीवर सिमेंटचे तुकडे, वर उघडी पडलेली तांबडी सळई आणि तिच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंब. तो थेंब मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. घर गळतंय हे तीन वर्षांपासून माहीत होतं. बादली ठेवायची, पलंग सरकवायचा, दसऱ्यानंतर बघू म्हणायचं, असं चाललं होतं. त्या सकाळी पहिल्यांदा भीती वाटली.

गच्ची दुरुस्त करून तिच्यावर पाणी अडवणारं कोटिंग, म्हणजे जाड लेप, मारून घ्यायला पुढचे दहा महिने जे केलं ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. मी शाळेत शिकवते, बांधकामातलं मला काही कळत नव्हतं. सुरुवातीला नेमकं कोणाला काय विचारायचं हेच सुचत नव्हतं, आणि तीच अडचण इतर अनेकांची असेल.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात. बाबांनी १९९४ साली चिऱ्यांच्या भिंतींवर स्लॅब घातला, साधारण ११५० चौरस फूट. पुढेमागे वर मजला चढवायचा म्हणून आठ खांबांच्या सळया दीड-दोन फूट वर काढून ठेवल्या होत्या. मजला कधी चढला नाही. २०१९ मध्ये बाबा गेले आणि मी व माझा नवरा आईसोबत राहायला आलो. २०२१ च्या मे महिन्यात एका रंगवाल्याकडून आम्ही गच्चीवर ‘वॉटरप्रूफ’ म्हणून एक पांढरा रंग मारून घेतला होता. दोन दिवसांत काम आटोपलं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे पापडासारखे पोपडे सुटले, आणि प्रत्येक पोपड्याच्या पाठीला हिरवट ओल होती. म्हणजे ओल्या, शेवाळलेल्या स्लॅबवरच रंग फासला होता. स्लॅबमधल्या ओलीची उन्हात वाफ झाली, तिने रंग फुगवला आणि फोडला. हे मला नंतर समजलं.

भर पावसात गच्चीचं काहीच करता येत नाही. आईला पुढच्या खोलीत हलवलं, प्लास्टिक अंथरलं, दिवस काढले. एक काम मात्र तेव्हाच करून ठेवलं. कुठे ओल येते, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने येते, थांबल्यावर किती दिवस टिकते, ते एका वहीत तारखेसह लिहिलं आणि फोटो काढले. ती वही पुढे फार उपयोगी पडली, कारण नोव्हेंबरात छत कोरडं ठणठणीत दिसतं आणि बघायला येणारा प्रत्येक जण ‘कुठे गळतं?’ असंच विचारतो.

९ नोव्हेंबरला ओळखीतले एक निवृत्त सरकारी अभियंता आले. मी त्यांना काका म्हणते. त्यांनी एक छोटी हातोडी घेऊन खालून सगळं छत ठोकून बघितलं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ जागांभोवती ते खडूने गोल करत गेले. एकूण अकरा गोल झाले. मग वर गच्चीवर आले आणि थेट त्या सळयांपाशी जाऊन बसले. “बाय, हें बघ,” म्हणाले. सळई जिथे स्लॅबमध्ये शिरते तिथे गंजाची पुडी साचली होती आणि भोवती केसाएवढी गोल भेग पडली होती. त्यांनी बाटलीतलं थोडं पाणी तिथे ओतलं. पाणी पसरलं नाही, आत गेलं. आमच्या डोळ्यांदेखत मुरलं. खाली आईच्या पलंगावर जो भाग कोसळला होता तो बरोबर या खांबाच्या बाजूचा.

काकांनी समजावलं ते असं. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा मागतं, आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडतं. फुटलेल्या जागेतून आणखी पाणी, आणखी गंज. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने हवेत ओल, आणि नंतर मार्च ते मे रणरणतं ऊन. स्लॅब दुपारी तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो, रोज. त्यातून बारीक भेगा पडतातच. सिमेंटचा थर कडक असतो, तो स्लॅबबरोबर फाटतो. गच्चीसाठीचं लवचीक कोटिंग मात्र रबरासारखं ताणलं जातं, म्हणून भेग हलली तरी वरचा पडदा शाबूत राहतो. ते एक तर पाणी आत जाऊ देत नाही, आणि पांढरं असेल तर ऊन परतवतं, त्यामुळे स्लॅबचं तापणं-आकसणंच कमी होतं. “पण खालचं सगळं नीट केलंस तरच,” हे त्यांनी दोनदा सांगितलं.

डिसेंबरात तीन ठिकाणांहून दरपत्रकं घेतली. गोव्यात सर्रास दिसतो तो उपाय म्हणजे गच्चीवर पत्र्याची शेड. त्याचा आकडा आला ३,४०,००० रुपये, आणि नवं बांधकाम म्हणून पंचायतीचा वेगळा परवाना, नकाशे, अभियंत्याची सही हे सगळं आलंच. शिवाय शेड पाणी अडवते, पण आधीच गंजत असलेल्या सळया तशाच राहतात. दुसऱ्याने पॉलियुरेथेन कोटिंगचा दर दिला, चौरस फुटाला १०५. तिसऱ्याने ॲक्रिलिक इलॅस्टोमेरिक (रबरासारखं ताणलं जाणारं) कोटिंग, मध्ये फायबरची जाळी, चौरस फुटाला ६२, दुरुस्ती वेगळी. मला वाटलं महाग ते चांगलं. काकांचं मत वेगळं पडलं. पॉलियुरेथेन साचलेल्या पाण्याखाली जास्त टिकतं हे खरं, पण स्लॅबमध्ये ओल राहिली असेल तर त्याला फोड येतात, आणि आमचा स्लॅब तीन वर्षं पाणी प्यायलेला. ॲक्रिलिकमधून आतली थोडीफार वाफ बाहेर पडू शकते. मात्र ॲक्रिलिकवर पाणी दिवसेंदिवस साचून चालत नाही, म्हणून उतार आधी दुरुस्त करायलाच हवा. डांबरी कोटिंग त्यांनी उघड्या गच्चीसाठी लगेच बाजूला ठेवलं, काळं असल्याने ते ऊन शोषतं आणि वरून संरक्षण नसेल तर उन्हाने चिरतं. आम्ही तिसरं दरपत्रक निवडलं.

नुसतं कोटिंग मारायला परवानगी लागणार नाही असं सगळे म्हणत होते. पण आम्हाला स्लॅबचा भाग फोडून दुरुस्त करायचा होता, सळया कापायच्या होत्या, कठड्याचा थोडा भाग नव्याने करायचा होता. शेजाऱ्यांशी किंवा कोणाशीही पुढे वाद नको म्हणून ६ जानेवारी २०२५ ला पंचायतीत दुरुस्तीसाठी अर्ज दिला. सोबत घरपट्टीची चालू पावती, फोटो, खर्चाचा अंदाज. आवक शिक्का मारलेली प्रत आठवणीने घेतली. ती प्रत सांभाळा, पुढे प्रत्येक वेळी तीच दाखवावी लागली.

२१ जानेवारीला पाहणी झाली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेले तेव्हा कळलं की एक व चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा हवा, आणि त्यावर अजून बाबांचंच नाव आहे. उतारा ऑनलाइन काढता आला, तो भाग सोपा होता. पण बाबांच्या मागे वारस कोण, त्या सगळ्यांचं ना हरकत हवं. गोव्यातल्या नागरी कायद्यात मुलगे आणि मुली समान वारस, आणि लग्न झालं की मालमत्ता सहसा नवराबायकोची मिळून समजली जाते. त्यामुळे आई, मी, माझा नवरा, पुण्याचा दादा आणि वहिनी, बेळगावची ताई आणि भावोजी अशा सात सह्या. आम्ही भावंडं एकमेकांशी प्रेमाने आहोत, तरीही प्रतिज्ञापत्र म्हटलं की माणूस थबकतो. भावोजींनी फोनवर विचारलं, “यात वाटणीचा विषय नाही ना?” त्यांचा प्रश्न रास्त होता. मी मजकुरात एक वाक्य वाढवून घेतलं, की ही संमती फक्त स्लॅबच्या दुरुस्तीपुरती असून कोणाच्याही हिश्शाला बाध येत नाही. त्यानंतर सगळ्यांच्या सह्या आठ दिवसांत झाल्या. नोटरी, मुद्रांक, कुरिअर मिळून नऊशे रुपये गेले. एकच गोष्ट पुन्हा करायची झाली तर हे कागद मी ऑगस्टमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असतानाच गोळा करीन.

२० फेब्रुवारीला कागद पूर्ण झाले. नंतरच्या बैठकीत आमचा विषय आलाच नाही. त्यापुढच्या बैठकीत आला, मंजूर झाला, मग पत्र टंकायला वेळ. २७ मार्चला परवानगी हातात पडली. तोवर तिसरं दरपत्रक देणाऱ्या मेस्त्रींची माणसं लग्नसराईसाठी गावी गेलेली. पाडवा गेला. त्या वर्षी सहावीपासूनचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले, त्यामुळे सकाळी मी शाळेत आणि काम सुरू व्हायचं तर घरी बघायला फक्त आई. रोज कॅलेंडर बघून पोटात गोळा यायचा.

१५ एप्रिलला काम सुरू झालं. पैसे चार टप्प्यांत ठरवले: सुरुवातीला तीस टक्के, दुरुस्ती झाल्यावर तीस, कोटिंग झाल्यावर तीस, आणि उरलेले दहा टक्के पूर्ण पावसाळा बघून ३० सप्टेंबरला. मेस्त्रींनी आधी नाक मुरडलं, मग मान्य केलं. हे कराराच्या कागदावर लिहून घेतलं, पाच वर्षांची हमीही त्यातच. हमीत काय काय बसत नाही तेही लिहून घ्या. आमच्याकडे ‘कोणी वर खिळा मारला किंवा अँटेना बसवली तर हमी संपली’ असं कलम आहे.

पहिल्या दिवशी सळया कापायच्या होत्या. आई खाली उभी राहून वर बघत होती. ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या, आणि एकेक सळई आडवी पडत गेली. बाबा त्या सळयांना दर वर्षी पावसाआधी ग्रीस फासायचे, मला आठवतं. ते गेल्यावर त्या सळयांकडे कोणी बघितलंही नव्हतं. मेस्त्रींनी कापलेली टोकं स्लॅबच्या दोन इंच आत खोदून घेतली, तारेच्या ब्रशने घासली, गंजावरचं रसायन लावलं आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरली. कापून नुसतं वरून सिमेंट थापलं असतं तर टोकाशी पुन्हा तेच सुरू झालं असतं.

१८ ते २० एप्रिल, गुड फ्रायडे ते ईस्टर, काम बंद. पुढच्या आठवड्यात खडूचे अकराही गोल फोडून भरले. गच्ची पाण्याच्या प्रेशरने धुतली तेव्हा काळं-हिरवं पाणी चार तास वाहत होतं. जुन्या रंगाचा उरलेला प्रत्येक पोपडा पत्रीने खरवडला. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात सगळीकडे मसाल्याचा गोलसर वाटा (कोपरा भरणारी पट्टी) मारला. कोपरा काटकोनी राहिला की कोटिंग तिथेच पहिल्यांदा तुटतं. पाऊसपाइपाची दोन तोंडं होती, त्यातलं एक भोवतालच्या गच्चीपेक्षा उंच निघालं. एकतीस वर्षं तिथे पाणी साचत होतं. ते तोंड खाली घेतलं आणि शंभराला एक असा उतार मसाल्याने करून घेतला. मग सात दिवस पाणी मारणं. या सगळ्या दुरुस्तीचे २२,००० झाले.

३० एप्रिलला शाळेला सुट्टी लागली आणि मी पूर्ण वेळ गच्चीवर. आता वाट होती स्लॅब सुकण्याची. काकांनी सांगितलेली चाचणी अशी: दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक गच्चीवर ठेवायचं, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि सोळा तासांनी उचलून बघायचं. ४ मेला सकाळी प्लास्टिक उचललं तर आतून बारीक थेंब आणि खालचं सिमेंट गडद. मेस्त्री म्हणाले, “टीचर, एवढी ओल चालता. पावस इलो तर सगळेंच रावतलें.” (पाऊस आला तर सगळंच राहील.) रोज संध्याकाळी आकाशात ढग जमत होते, त्यांचंही खरं होतं. पण २०२१ चे हिरव्या पाठीचे पोपडे माझ्या डोळ्यांपुढे होते. मी नको म्हटलं. त्या चार रात्री मला झोप लागली नाही. दर संध्याकाळी गच्चीवर ताडपत्री, दर सकाळी काढायची. ८ मेला तीन ठिकाणी लावलेली तिन्ही प्लास्टिकं कोरडी निघाली.

९ मेला प्राइमर, म्हणजे कोटिंगआधीचा पातळ हात. त्यात ठरावीक प्रमाणात पाणी मिसळतात, ते योग्यच आहे. पुढच्या कोटांत मात्र पाण्याचा थेंब नको असं डब्यावरच लिहिलेलं होतं, आणि तरीही एक पोरगा रोलर जड चालतो म्हणून पाण्याचा मग भरून घेऊन आला. त्याला प्रेमाने सांगितलं, मग चार वेळा सांगितलं. वीस लिटरच्या सात बादल्या लागतील असा हिशेब कागदावर होता. प्रत्येक बादली माझ्यासमोर उघडली आणि रिकामी बादली मी मोजून जिन्याखाली ठेवली. कोटिंगची जाडी डोळ्याला कळत नाही, रिकाम्या बादल्या कळतात.

काम सकाळी दहापर्यंत आणि चारनंतरच. भर दुपारी स्लॅब इतका तापतो की वरची साय लगेच धरते आणि आतलं ओलं राहतं. पहिल्या कोटावर ओलं असतानाच भेगांवर, वाट्यावर आणि पाइपांच्या तोंडाशी जाळी बसवली, ब्रशने दाबून, एकही सुरकुती राहू न देता. शेजारच्या फणसाची पानं पडत राहायची. मी आणि आई गुडघ्यावर बसून ओल्या कोटिंगवरची पानं आणि मुंग्या चिमट्याने उचलत होतो. १३ मेला शेवटचा कोट पूर्ण झाला. सात बादल्या रिकाम्या.

त्याच्या आदल्या दिवशी एक प्रयोग केला होता. मावसभाऊ इलेक्ट्रिशियन आहे, त्याच्याकडे लांबून तापमान मोजायचं यंत्र असतं. दुपारी दोन वाजता जिन्यावरचा छोटा स्लॅब, ज्याला अजून काही लावलं नव्हतं, ५७ अंश दाखवत होता. शेजारचा पांढरा भाग ४० अंश. एकच सूर्य, दोन हातांचं अंतर. पूर्वी आईच्या खोलीत पंखा रात्री बारापर्यंत गरम वारा फेकायचा, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो. १५ मेच्या रात्री तिने दहा वाजता पांघरूण मागितलं.

तिची एक मोठी काळजी वेगळीच होती. मे म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस, आणि आमची गच्ची म्हणजे सोलांची, कोकमाची आमसुलं सुकवायची जागा. “आतां सोलां खंय सुकत घालूं?” मेस्त्रींनी आठ दिवस कोणी पाय ठेवायचा नाही असं बजावलेलं. शेवटी अंगणात खाटा टाकल्या. १९ मेला तिने थोडी वर नेलीच, चटईवर, आणि चटईतून रस झिरपून नव्या पांढऱ्या कोटिंगवर टोपीएवढा जांभळा डाग पडला. तो गेला नाही. मी रागावले, मग तिचा चेहरा बघून गप्प बसले.

त्या आठवड्यात पाण्याची चाचणी ठरली होती. पाइपांची तोंडं बंद करून दोन-तीन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवायचं आणि खाली छत बघायचं. वेळच आली नाही. २० मेपासून पाऊस धो धो सुरू झाला. २४ मेला मान्सून केरळात पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी, आणि पाठोपाठ गोव्यातही. दर वर्षी आपण पाच जूनच्या आसपास त्याची वाट बघतो. गावात दोन घरांचं काम अर्धवट राहिलं, त्यांच्या गच्चीवर सप्टेंबरपर्यंत ताडपत्रीच होती. माझंही तेच झालं असतं. म्हणून सांगते, शेवटचा कोट दहा मेच्या आत संपेल असाच हिशेब धरा. कागदपत्रं, मजूर, स्लॅब सुकणं, प्रत्येक ठिकाणी आठ-आठ दिवस जातात.

२० मेच्या रात्री मी विजेरी घेऊन तीन वेळा उठले. आईची खोली कोरडी. पुढची खोली कोरडी. २६ तारखेला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मात्र हाताच्या पंजाएवढी ओल दिसली आणि पाय गळून गेले. जुन्या वहीत ती जागा नव्हती. शोध घेतला तेव्हा समजलं, पाण्याच्या टाकीकडून येणारा पाइप जिथे कठड्यातून आत येतो तिथला क्लॅम्प रंगकामात हलला होता, आणि त्याच्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरत होतं. चार फोन केल्यावर मेस्त्री ऑगस्टच्या उघडिपीत आले, भोक सीलंटने बुजवलं, वर जाळी आणि कोटिंगचा ठिगळ लावला. राखून ठेवलेले दहा टक्के नसते तर चार फोनांत काम झालं असतं का, सांगता येत नाही.

एकूण दुरुस्तीचे २२,०००, कोटिंगचे ७१,३००, वर अठरा टक्के जीएसटी, मिळून एक लाख दहा हजार. ३० सप्टेंबरला शेवटचा हप्ता दिला. पाच ते सात वर्षांनी वरचा एक कोट पुन्हा द्यावा लागेल, त्यासाठी दर महिन्याला हजार रुपये वेगळे टाकायला सुरुवात केली आहे.

गेल्या रविवारी, दिवाळीनंतर, मी मऊ ब्रश आणि साधं पाणी घेऊन गच्ची धुतली. ॲसिड किंवा तारेचा ब्रश कोटिंगला चालत नाही. फणसाखालच्या कोपऱ्यात पातळ शेवाळ धरलं होतं, तिथे पाय सटकतो, अनवाणी आणि बसूनच घासा. शेवाळ गेल्यावर खालून पांढरं निघालं. आईचा जांभळा डाग तसाच आहे. आठ खांबांच्या जागा हाताने चाचपून बघितल्या, सगळीकडे सपाट आणि कोरडं.